या थंडीत सीझन नाही

स्टोअरचा माणूस खाटेखाली वाकून एकेक चाक हाताने फिरवून बघत होता आणि चाकं फिरत नव्हती. "सिस्टर, ह्या खाटा कधी हलवल्याच नाहीत वाटतं," तो खालूनच म्हणाला. "हलवायला रिकाम्या कधी होत्या?" मी म्हटलं. तो हसला, मीही हसले, आणि माझं हसणं समोरच्या भिंतीवर आपटून परत माझ्याकडे आलं. एवढ्या वर्षांत या वॉर्डात मी स्वतःचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मग लक्षात आलं की चमचे वाजत नाहीयेत. तसे ते बरेच दिवस वाजत नव्हते, पण एखादी गोष्ट बंद पडलीय हे कळायलाही कुणीतरी बाहेरचं माणूस यावं लागतं. पूर्वी प्रत्येक खाटेशी एक आई बसलेली असायची, तिच्या हातात स्टीलचा पेला आणि चमचा. मीठसाखरेचं पाणी एकेक चमचा द्यायचं, थोडं थांबायचं, पुन्हा एक चमचा. मुलाने ओकलं तर जरा जास्त थांबायचं, पण सोडायचं नाही. चमचा पेल्याच्या काठाला लागला की टिण्‌ वाजायचं, इकडे वाजलं की तिकडे वाजायचं, दिवसभर. नव्या नर्सेसचं त्याने डोकं उठायचं. मला तो आवाज थांबला तरच जाग यायची, कारण आवाज थांबणं म्हणजे कुठल्यातरी आईला बसल्याबसल्या डोळा लागलाय. मी जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचे. ती दचकून आधी मुलाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि पुन्हा टिण्‌.

स्टोअरचा माणूस तेलाची बाटली आणायला गेला आणि मी उगाचच खाटांमधून एक चक्कर मारली. दर वर्षी थंडी पडायला लागली की आमचा सीझन सुरू व्हायचा. कपड्यांच्या दुकानांचा असतो, लग्नाच्या हॉलचा असतो, तसा आमचा जुलाबांचा. मोठे डॉक्टर म्हणायचे की थंडीत एक विषाणू फिरतो आणि तो तान्ह्या मुलांचं पोट धरतो. फिरतो म्हणजे काय, मुक्कामालाच असायचा. एका खाटेवर दोन दोन मुलं, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि जागा उरली नाही की व्हरांड्यात गाद्या. एक आंबूस वास असायचा, तो गणवेशात शिरायचा, केसांत शिरायचा, बसमध्ये शेजारची बाई हळूच उठून दुसरीकडे जाऊन बसायची. त्या वासावरून मी दारातच सांगायचे, हे आपलं गिऱ्हाईक. आणि माझे हात. सांगू नये, पण सांगते, सुकलेल्या मुलाच्या डोक्यावरची शीर माझ्याइतकी पटकन कुणाला सापडायची नाही. शिकाऊ डॉक्टर दोनदा-तीनदा टोचून घामाघूम झाले की वॉर्डातल्या मावशीला पाठवायचे, "सिस्टरना बोलवा." मी डोळे मिटून बोट फिरवायचे. डोळ्यांनी दिसत नाही ती बोटाला लागते. सलाईन सुरू झालं की मग सगळा वॉर्ड एकाच गोष्टीची वाट बघायचा, ती म्हणजे सू. बाहेरच्या माणसाला हे कसं समजावणार? लोक घरात देव पाण्यात ठेवून काय काय मागत असतील, आमच्याकडे तीसेक माणसं एका ओल्या दुपट्यासाठी जीव टांगून बसलेली असायची. मूल भिजवायचं आणि आमची मावशी ते दुपटं दोन्ही हातांनी वर धरून ओरडायची, "सुटलं गं बाई, सुटलं!" सगळ्या आया हसायच्या. ज्यांचं मूल अजून कोरडं होतं त्याही हसायच्या आणि हसता हसता आपल्या मुलाखाली हात घालून बघायच्या. मला वाटतं, माझ्या आयुष्यातले सणवार म्हणजे तेच होते.

मग ते लसीचे थेंब आले. तान्ह्या बाळाला तोंडातून द्यायचे, दीड महिन्याचं झालं की पहिला डोस. पहिल्या वर्षी आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही. सीझन जरा हलका गेला तेव्हा मावशी म्हणाली, "थंडीच कुठे पडलीय यंदा." पुढच्या वर्षी थंडी कडाक्याची पडली आणि व्हरांड्यात गादी टाकावी लागली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एका खाटेवर एकच मूल, मग मधूनमधून एखादी खाट रिकामी, मग एक ओळच्या ओळ. एके दिवशी मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर एक रेघ होती, ती डोंगरासारखी वर जायची, पुन्हा खाली, पुन्हा वर, आणि एका ठिकाणी आल्यावर दमल्यासारखी जमिनीलगत चालायला लागायची. "ही आपली ॲडमिशन्स," डॉक्टर म्हणाले. तरुणपणी याच वॉर्डात त्यांनी किती मुलं हातावर गेलेली पाहिली ते मला माहीत होतं, मी बाजूलाच उभी असायचे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, जोरात वाजवल्या, आणि मनापासून. जुलाब काही जगातून गेलेले नाहीत. अजून एखादं मूल येतं, पण ते जनरल वॉर्डाच्या कोपऱ्यात मावतं, त्याला वेगळा वॉर्ड लागत नाही आणि वेगळी सिस्टर तर नाहीच नाही. चहाबिस्किटं झाली. लोक येऊन मला म्हणाले, "सिस्टर, आता जरा आराम करा." हे वाक्य लोक आजारी माणसाला म्हणतात.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, सांगणार तरी कुणाला. या थंडीच्या सुरुवातीला दुपारी फाटकातून एक रिक्षा आत शिरली, आत एक बाई मांडीवर मूल घेऊन, मूल मान टाकून पडलेलं. मी खिडकीतूनच पाहिलं आणि माझ्या अंगात वारं संचारलं. ट्रे काढला, सुई काढली, पाणी कालवून पेला भरला, मावशीला म्हटलं रबरी चादर घाल. हात नुसते शिवशिवत होते. दारात जाऊन उभी राहिले तर बाई म्हणाली, "पाळण्यातून पडला हो, हात बघा कसा सुजलाय." मूल झोपलं होतं, दुसरं काही नाही. मी त्यांना हाडांच्या विभागाचा रस्ता दाखवला आणि परत येऊन कालवलेलं पाणी मोरीत ओतलं. ओतताना मला वाईट वाटत होतं. मुलाचा हात मोडला म्हणून नाही, मुलाला जुलाब नाहीत म्हणून. हे कळलं तेव्हा मी मोरीशी तशीच उभी राहिले. बाई गं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का, मी स्वतःला विचारलं. मुलं मरत नाहीत याचं दुःख करणारी तू कोण? पण मन काही ऐकत नव्हतं. ते त्या रिकाम्या पेल्याकडे बघत होतं. त्या संध्याकाळी घरी गेले, दोन खोल्यांचं घर, नवरा गेल्यापासून त्यातली एक खोली मी उघडतच नाही. चहा केला. साखर ढवळताना चमचा कपाला लागला, टिण्‌. मी पुन्हा ढवळला. साखर केव्हाच विरघळली होती, चहा गार झाला तरी मी चमचा वाजवत बसले होते. घर खायला उठतं म्हणतात ते खोटं आहे. घर काहीच करत नाही, ते नुसतं शेजारी बसून राहतं.

ठकी माझी मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण तिच्या बाबांनी लाडाने ठेवलेलं हेच चिकटलं. तिला वाढवलं ते त्यांनीच. वेण्या त्यांनी घातल्या, शाळेच्या स्नेहसंमेलनाला ते गेले, गुडघा फुटला की ती त्यांच्याकडे धावायची. मी ड्यूटीवरून यायचे ती अर्धी झोपेतच. तिला माझ्याबद्दल एका गोष्टीचा राग आहे आणि तो तिने कधी लपवला नाही. ती आठेक वर्षांची असेल, सीझन ऐन भरात होता. त्या दिवशी दुपारी एक मुलगी आली होती, सात-आठ महिन्यांची, तिची आत्या घेऊन आली होती. मुलगी रडत होती. तोंड उघडलेलं, आवाज येत होता, डोळे सताड उघडे, आणि डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. ज्याने ते रडणं पाहिलं नाही त्याला मी काय सांगू. अंगात पाणीच उरलेलं नसतं, रडायला सुद्धा. माझ्या बोटांना तिची शीर सापडली नाही. डोक्यावर नाही, पायावर नाही, कुठेच नाही. चार वाजायच्या आत ती रडायची थांबली. मी घरी आले तर ठकी दारातच, कुठलीशी मैत्रीण बोलत नाही म्हणून ढसाढसा रडत होती. गालांवरून पाण्याच्या धारा, हनुवटीवरून फ्रॉकवर, नाकही वाहत होतं. तिला तसं बघून माझा जीव भांड्यात पडला. मी तिची हनुवटी धरली, डोळ्यांत पाहिलं आणि हसून म्हटलं, "डोळ्यांत पाणी आहे ना? मग काही झालं नाही." आणि जाऊन झोपले. तिला वाटलं आईने आपली चेष्टा केली. त्यानंतरही मी ते किती वेळा म्हटलं असेल, परीक्षेत कमी मार्क पडले तेव्हा, पहिली नोकरी सुटली तेव्हा. खरं सांगते, मला त्यात अजूनही वावगं वाटत नाही. रडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी असणं याहून चांगली बातमी मला माहीत नाही. पण ही बातमी ज्याला कळते तो वॉर्ड आता बंद होतोय, आणि ठकी त्या वॉर्डात कधी आलीच नाही. तिचे बाबा गेले तेव्हा ती माझ्या समोर बसून रडत होती आणि ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं. मी गिळलं. तिने मला गिळताना पाहिलं.

तिचं बाळंतपण याच थंडीत झालं, तिकडे, तिच्या गावी. तिने बोलवायला फोन केला तेव्हा मी सवयीने म्हणाले, "अगं, सीझन आहे." ती शांतपणे म्हणाली, "आई, कसला सीझन? कोण येतं आता तुझ्याकडे?" मी ड्यूटीचं काहीतरी सांगायला लागले. "बरं, सीझन संपला की ये," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. तिच्या सासूबाईंनी सगळं केलं म्हणे, आणि छान केलं. नातीचा फोटो आला, दुपट्यात गुंडाळलेला लाल चेहरा. मी तो मोठा करून करून पाहिला, टाळू दिसते का, डोळे खोल नाहीत ना. त्यानंतर ठकीने मला ये म्हटलं नाही आणि मी येऊ का विचारलं नाही. रोज फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे.

मेट्रनबाईंनी बोलावलं ते खाटा हलवायच्या आदल्या आठवड्यात. "जागा तीच, काम बदललंय इतकंच," त्या म्हणाल्या. वॉर्डच्या जागी लसीकरणाची खोली होणार होती. मला हवं तर तिथे टेबलाशी बसून थेंब द्यायचे, नको असेल तर मुदतीआधी निवृत्ती घ्यायची, महिनाअखेर सांगा. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. थेंब देणं म्हणजे काय, नळी तोंडात धरायची आणि दाबायची, त्याला शीर शोधावी लागत नाही. आणि निवृत्ती घेऊन जायचं कुठे? त्या दोन खोल्यांत जाऊन चमचा वाजवत बसायचं? मला फक्त एवढं हवं होतं की ठकीने म्हणावं, आई, ये. तेवढं एक ती म्हणाली असती तर मी त्याच पावली राजीनामा टाकला असता. पण ती का म्हणेल? तिच्या प्रत्येक रडण्याला मी काही झालं नाही म्हणत आले, आता माझं काय झालंय ते मी तिला कुठल्या तोंडाने सांगू. म्हणून मी तात्पुरती टेबलाशी बसले. खाटा तेल घालून ढकलत ढकलत गेल्या, भिंतींना पिवळा रंग लागला, बाकडी आली. फरशीवर मात्र चाकांचे काळे डाग राहिले, मावशीने किती घासले तरी निघेनात. आया आपापली गुबगुबीत मुलं घेऊन नेमक्या त्या डागांवर उभ्या राहायच्या आणि मोबाइल बघायच्या.

महिना संपायला थोडे दिवस राहिले असताना ठकीचा फोन आला. नेहमीसारखा आवाज, कामापुरता. "आई, इथल्या दवाखान्यातले थेंब संपलेत, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. हिचा पहिला डोस आहे. तुझ्याकडे मिळेल का?" मी म्हटलं, "मिळेल." "मग उद्या येते, घेते आणि दुपारच्या बसने परत जाते." मला म्हणायचं होतं, राहा ना. मी म्हणाले, "सकाळी लवकर ये, गर्दी असते."

ती आली ती रांगेत उभी राहिली. मी पुढे बोलावलं तर मान हलवली, सगळ्यांसारखी आपल्या नंबरानेच येईन म्हणाली. दोघी-तिघींच्या मागे ती उभी, खांद्यावर बाळ, चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. तिचा नंबर आला आणि तिने बाळ माझ्या हातात दिलं. मी इतकी मुलं हाताळली, पण धडधाकट मूल हातात घेऊन काय करतात ते मला माहीत नव्हतं. माझ्या हातांना जे माहीत होतं ते त्यांनी केलं. झबलं वर केलं आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच जागेवर गेली. टाळूवर बोट फिरवलं, तोंडात बोट घालून जीभ ओली आहे का बघितलं. "आई, ती आजारी नाहीये," ठकी म्हणाली. रांगेतल्या बाया हसल्या. "मला माहितीय," मी म्हटलं. थेंब दिले. नातीने जीभ बाहेर काढली, गोड लागलं तसे ओठ चाटले आणि आणखी मागितल्यासारखं तोंड उघडलं. एवढंच. ज्याच्यासाठी आम्ही थंड्यांमागून थंड्या काढल्या, दुपटी वर धरली, ते सगळं या नळीत मावत होतं आणि त्याची चव गोड होती.

मग नव्या नर्सने तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं, तेही याच वेळी द्यायचं असतं. नातीने श्वास रोखला, लाल झाली आणि किंचाळली. तोंड उघडलेलं, आवाज येत होता, डोळे उघडे, आणि डोळ्यांत पाणी नव्हतं. मी बघितलं, पुन्हा बघितलं. टिपूस नाही. "पाणी कालव," मी ओरडले, "मावशी, पेला आण, चमचा आण, लवकर!" मावशी गोंधळून दारात उभी राहिली. त्या खोलीत आता पेला नव्हता, चमचा नव्हता, खाटही नव्हती. मी बाळाला छातीशी धरून त्या डागांवर गोल गोल फिरत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट तिच्या डोक्यावरून फिरत होतं, शीर शोधत. रांगेत कुणीच हसलं नाही. ठकीने माझा तो हात धरला. पहिल्यांदा मला कळलं की तिचा हात मोठ्या बाईचा आहे. "आई. आई, इकडे बघ. तिला अजून पाणी येत नाही डोळ्यांत. एवढ्या लहान बाळांना येत नाही. तूच सांगायला हवं होतंस मला हे." खरं होतं. एवढ्याशा बाळांच्या डोळ्यांत रडताना पाणी नसतं, ते नंतर यायला लागतं, हे मी शेकडो आयांना सांगितलंय. माझ्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

नात रडायची थांबली आणि माझ्या गणवेशाच्या बटणाकडे बघायला लागली. आणि मी रडायला लागले. चार माणसांत, टेबलासमोर, ढसाढसा. त्या सात-आठ महिन्यांच्या मुलीसाठी होतं की चमच्यांसाठी, की मोरीत ओतलेल्या त्या पाण्यासाठी, मला सांगता येणार नाही. गालांवरून ओघळून ते बाळाच्या झबल्यावर पडत होतं. ठकी बघत राहिली. तिचे बाबा गेले तेव्हाही तिने मला असं पाहिलं नव्हतं. तिने बाळाच्या दुपट्याचं टोक घेतलं, माझी हनुवटी धरली, चेहरा आपल्याकडे वळवला आणि डोळ्यांत पाहिलं.

"पाणी आहे ना डोळ्यांत?" ती म्हणाली. "मग काही झालं नाही."

मागची बाई हळूच म्हणाली, "सिस्टर, आमचं घेता ना?" नव्या नर्सने तिला पुढे घेतलं. ठकीने बाळ माझ्याकडून परत घेतलं नाही. पिशवी खांद्याला लावली, पुन्हा काढली, बाकड्यावर ठेवली. मी नाक पुसत म्हटलं, "पुढचा डोस महिन्याने आहे. तेव्हा मी तिकडे येऊ का?"

"डोसलाच कशाला?" ती म्हणाली. "तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत ये. ते तू बघायला हवंस." मग माझ्याकडे न बघता, "का सीझन आहे?"

"नाही," मी म्हटलं. "सीझन नाहीये."